वसई-विरारमध्ये वन बीएचके: २४ लाखांचा फ्लॅट आणि ३६ लाखांचा फ्लॅट यांत नेमका फरक काय?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघं रोज लोकलने चर्चगेटकडे जाणारे, हातात साधारण साडेनऊ लाख, कर्ज ३० लाखांपर्यंत मिळेल. नालासोपारा पूर्वेला एक वन बीएचके २४ लाखांत मिळतोय, त्याच रस्त्यावर दुसऱ्या इमारतीत ३६ लाख मागतायत. एवढा फरक कशामुळे? नवीन घ्यावा की रिसेल? आणि पुढे भाव वाढतील का?

फरकापासून सुरुवात करतो, कारण तो कळला की बाकीची उत्तरं सोपी होतात. या पट्ट्यात एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या फ्लॅटमध्ये दहा-बारा लाखांचं अंतर दिसलं, तर स्वस्त फ्लॅटचं काहीतरी अपुरं आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. बहुतेक वेळा कागद अपुरा असतो, त्याखालोखाल पाणी. बांधून झालेल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी नसेल तर राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत. मग ग्राहक उरतात ते रोख पैसे घेऊन येणारे किंवा एखाद्या फायनान्स कंपनीचं महाग कर्ज घेणारे. ग्राहक कमी म्हणून भाव कमी. आज तुम्हाला १२ लाख वाचल्यासारखे वाटतात, पण विकायला जाल तेव्हा तुमच्याही दारात तेवढेच मोजके ग्राहक येतील. तोवर इमारतीवर पालिकेची नोटीस आली तर तेही येणार नाहीत.

ही भीती कागदावरची नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागात डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या गेल्या. राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, घरपट्टी भरली होती, लाइट बिलं त्यांच्या नावावर होती. यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण गेले. स्वस्त घराचा हिशेब करताना या दोन घटना डोळ्यांसमोर ठेवा.

एजंट तीन कागद पुढे करतात आणि ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणतात: घरपट्टीची पावती, लाइट बिल आणि रजिस्टर झालेला करारनामा. तिघांचाही इमारत अधिकृत असण्याशी संबंध नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६७अ नुसार अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड लागू शकतो, आणि अशी आकारणी झाल्याने बांधकाम नियमित होत नाही हे त्याच कलमात म्हटलं आहे. म्हणून घरपट्टीचं बिल नीट वाचा. त्यात ‘शास्ती’ असा रकाना भरलेला दिसला तर इमारत अनधिकृत असल्याचं पालिकेनेच लिहून दिलं आहे. लाइट बिल वापराचं असतं. आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, म्हणजे अमुक व्यक्तीने अमुक व्यक्तीला अमुक रकमेला लिहून दिलं एवढंच नोंदवतो. मालकी खरी आहे की खोटी, मजला मंजूर आहे की नाही, हे ठरवणं त्याचं काम नाही.

नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवरचे व्यवहार तर सोडूनच द्या. पूर्वेकडच्या चाळी आणि छोट्या इमारतींत ते अजूनही सर्रास होतात. स्थावर मालमत्तेची मालकी नोंदणीकृत खरेदी दस्तानेच बदलते. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मग बघायचं काय? दोन कागद: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी). इथे या शहराचा इतिहास थोडा माहीत हवा. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ ला झाली. त्याआधी चार नगरपरिषदा आणि बऱ्याच ग्रामपंचायती होत्या, आणि १९९० पासून २०१० पर्यंत नियोजन प्राधिकरण सिडको होतं. त्यामुळे २००५ च्या इमारतीची सीसी सिडकोची असायला हवी. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ असं सांगून त्या काळातली चार मजली इमारत दाखवत असतील तर तिथूनच परत फिरा. २०१० नंतरचे कागद पालिकेच्या नगररचना विभागाचे असतात.

सीसी हातात आली की चार गोष्टी जुळवायच्या. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सातबाऱ्याशी जुळतो का? विंगचं नाव जुळतं का? परवानगी किती मजल्यांची आहे? आणि ज्याने जमीन दिली किंवा ज्या बिल्डरने बांधलं, त्याचंच नाव आहे का? तीन विंग बांधल्यात आणि सीसी दोनचीच आहे, तळ अधिक चार मंजूर आणि उभे सात मजले, हे प्रकार इथे नेहमीचे आहेत. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट खालच्यापेक्षा स्वस्त मिळत असेल तर लिफ्ट नाही एवढंच कारण धरू नका. तो मजला मंजूर नकाशात आहे का ते पाहा.

झेरॉक्सवर विश्वास ठेवायचा नाही. या पट्ट्यात खोट्या सह्या-शिक्क्यांच्या सीसी आणि ओसी तयार करून इमारती विकल्याचे गुन्हे दाखल झालेले आहेत. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराचे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचे नंबरसुद्धा मिळवले गेले. म्हणून नगररचना विभागात सीसी-ओसीचा जावक क्रमांक देऊन खात्री करा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कावर अर्ज टाकून प्रमाणित प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. एजंट म्हणेल तोपर्यंत फ्लॅट जाईल. जाऊ दे. या शहरात घरांचा तुटवडा नाही.

जमिनीचा कागद वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घेऊन तपासतात, पण सातबारा तुम्ही स्वतःही वाचू शकता, तो ऑनलाइन मिळतो. ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलं असेल तर हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागते. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर ‘इतर हक्कां’त कलम ४३ चा उल्लेख दिसतो. पालघर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: आदिवासी खातेदाराची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मुळे अशी जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि गेली असली तरी परत करण्याची कारवाई होऊ शकते. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, मागे मागे वाचत जायचे ते यासाठी. शिवाय नगररचनेतून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जमीन रहिवासी विभागात आहे, की हरित पट्ट्यात, की कुठल्या आरक्षणाखाली, हे त्यात एका नजरेत दिसतं. खाडीकाठच्या जागेला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंधही बघावे लागतात. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित असतो.

आता पाणी. पालिकेला पाणी सूर्या, उसगाव आणि पेल्हार इथून येतं. एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या योजनेतून वसई-विरारसाठी दिवसाला १८५ दशलक्ष लिटर ठरलेलं आहे. पण शहराला पाणी मिळालं म्हणजे तुमच्या इमारतीला मिळालं असं होत नाही, म्हणून हिशेब इमारतीचाच करायचा. ४० फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर रोज २१,६०० लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे केले तरी थोडं कमीच. पालिकेच्या जोडणीतून यातलं निम्मं येत असेल तर उरलेल्यासाठी रोज एक टँकर, महिन्याला तीस. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या मे महिन्याची टँकरची बिलं मागा. पावसाळ्यातली बघून उपयोग नाही. बोअरिंग आहे असं सांगितलं तर नळाचं पाणी जिभेला लावून पाहा. खाडीजवळच्या बोअरला खारटपणा असतो, आणि ते पाणी गिझर, नळ आणि पाइप लवकर खातं. ओसी नसलेल्या इमारतीला अधिकृत नळजोडणी मिळणं अवघड, त्यामुळे २४ लाखांच्या फ्लॅटचा मेंटेनन्स अनेकदा ३६ लाखांच्या फ्लॅटपेक्षा जास्त निघतो.

पुराचा विषय इथे पाहुण्यासारखा येत नाही, दर पावसाळ्यात ठरलेला असतो. शहराचं पाणी नाल्यांतून खाड्यांकडे जातं. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याच्या तोंडाशी समुद्राचं पाणी उभं असतं आणि शहराचं पाणी मागे तुंबतं. पूर्वी हे पाणी मिठागरं आणि पाणथळ जागा सामावून घ्यायच्या. भराव घालून त्यांतल्या बऱ्याच जागांवर बांधकामं झाली. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी येऊन विरारपर्यंतची लोकल बंद पडली, मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसं अडकली आणि वीजही गेली.

इमारत बुडते का हे रहिवाशांना विचारलं तर विकायला काढलेल्या घरात खरं उत्तर मिळेलच असं नाही. खुणा वाचा. तळमजल्यावरच्या दुकानांच्या शटरकडे बघा: खालची फूट-दीड फूट पट्टी गंजून जाळी झालेली आणि वरचा पत्रा ठीक, असं असेल तर पाणी कुठवर येतं ते तिथेच लिहिलंय. विजेचे मीटर मूळ जागेवरून उचलून वर बसवलेत का? पंपाला विटांचा ओटा करून उंचावर ठेवलाय का? जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्या रस्त्याखाली गेल्यात का? रस्ता काँक्रीटचा झाला की त्याची पातळी वाढते आणि जुन्या इमारतींचं आवार खड्ड्यात जातं, म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी कधीच न बुडालेली इमारतही आज बुडू शकते. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस चालू असताना जाऊन या.

रिसेल घेताना खाऱ्या हवेने इमारतीचं काय केलंय तेही पाहायला हवं. क्षार काँक्रीटमधून आत झिरपून सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढकलून फोडतो. म्हणून भेग सळईला समांतर जाते: कॉलमच्या कडेने उभी, बीमच्या खालून आडवी. विकण्याआधी फ्लॅटला रंग मारलेला असतो, त्यामुळे आतल्या भिंती बघून काही कळत नाही. कुणी रंग लावत नाही तिथे जा: गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची खालची बाजू, लिफ्टची खोली, जिन्याखालची जागा, तळमजल्यावरच्या पार्किंगचे कॉलम. नाण्याने किंवा किल्लीच्या टोकाने ठोकून बघा. भरीव काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं पोकळ बद्द आवाज देतं. तपकिरी ओघळ असतील तर इमारतीला दुरुस्तीचा मोठा खर्च येणार आहे असं धरा आणि तो किमतीतून वजा मागा. इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, तिचा अहवाल मागा. नवीन प्रकल्पात आरसीसी सल्लागाराला एकच प्रश्न विचारा: काँक्रीट कोणत्या ग्रेडचं (किती ताकदीचं) आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर किती? किनाऱ्याच्या उघड्या हवेसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किमान एम३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे.

किमतीची तुलना नेहमी कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर करा. समजा एक फ्लॅट ‘६०० फुटांचा, ३६ लाख’ आणि दुसरा ‘५४० फुटांचा, ३३ लाख’. पहिला ६,००० रुपये फूट, दुसरा ६,१११, म्हणजे पहिला स्वस्त वाटतो. टेप लावून मोजल्यावर पहिल्याचं कार्पेट ३८० निघालं आणि दुसऱ्याचं ३९०, तर खरा दर ९,४७४ आणि ८,४६२. दुसरा तीन लाखांनी स्वस्त आणि वर दहा फूट जास्त. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी एजंट कार्पेट म्हणून मोजतो, ती वेगळी काढा.

तुमच्या बजेटचा हिशेब ३६ लाखांवर असा बसतो. कर्ज ३० लाख, म्हणजे स्वतःचे सहा लाख. मुद्रांक शुल्क ६ ते ७ टक्के धरून चला, नेमका दर त्या दिवशी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. ७ टक्क्यांनी २,५२,००० होतात. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला बाजारभाव) यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. नोंदणी फी ३०,०००. एजंटचा एक टक्का ३६,०००. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,०००, त्यावर ‘डोनेशन’ मागितलं तर देऊ नका. एकूण ९,४३,०००. म्हणजे साडेनऊ लाख कसेबसे पुरतात, वकील, बँकेची फी, सामान हलवणं आणि रंगरंगोटी यांना काही उरत नाही. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, इथे ३६,००० वाचतील. तुम्ही कर्जात सहकर्जदार राहू शकता. ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाखांचा हप्ता सुमारे २६,००० येतो. माझ्या मते तुम्ही ३३ ते ३४ लाखांवर थांबावं.

नवीन घर बांधकामाधीन असेल तर जीएसटी लागतो. मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. ४५ लाखांवर कर ४५,००० आणि ४६ लाखांवर २,३०,०००. या ४५ लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज, क्लब वगैरे बिल्डर घेतो ते सगळं मोजलं जातं, वेगळी पावती केल्याने मर्यादा वाढत नाही. ओसी मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही.

बिल्डरकडून घेताना नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, तसं मागणं रेराच्या कलम १३ चा भंग आहे. आदर्श करारनाम्यात हप्त्यांची मर्यादा ठरलेली आहे: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. पालघर जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे जुने महारेरा क्रमांक पी९९००० ने सुरू होतात. क्रमांक टाकून प्रकल्पाचं पान उघडा आणि सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते बघा. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकतायत आणि सीसी सातव्यापर्यंतच, हे तिथेच कळतं. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली आणि जमिनीवर दावे आहेत का, हेही तिथेच. ओसीआधी ‘फिटआउटसाठी’, म्हणजे फर्निचरच्या कामासाठी चावी देतो म्हणाले तर घेऊ नका. घेतली की ओसीसाठी बिल्डरच्या मागे लागण्याचा तुमचा सगळा जोर संपतो.

भाव वाढतील का? विरार-अलिबाग मार्ग, विरारचं बुलेट ट्रेन स्टेशन, मीरा रोड ते विरार मेट्रो, वाढवण बंदर: प्रत्येक माहितीपत्रकात हे सगळं एका नकाशावर काढलेलं असतं. त्यातलं काही होईल, उशिराही होईल. भाव त्या बातम्यांवर आधीच चढवलेला असतो, म्हणून न झालेल्या रस्त्याचे पैसे आज देऊ नका. रोजच्या लोकलचा विचार जास्त करा. गाडी विरारहून सुटते, त्यामुळे विरारला बसायला मिळतं, नालासोपाऱ्याची माणसं उलटी विरारला जाऊन रिटर्न येतात, आणि नायगावला गाडी येते तीच भरून. नायगाव पूर्वेचे मोठे प्रकल्प मोकळे, नवे आणि दिसायला सुरेख आहेत, पण दारापासून प्लॅटफॉर्मपर्यंतचा वेळ सकाळी साडेसातला रिक्षाने स्वतः जाऊन मोजा, सेल्समनने सांगितलेली मिनिटं दुपारची असतात. स्टेशनपासून चालत अंतरावरचं, ओसी असलेलं, आठ-बारा वर्षांचं रिसेल घर तुमच्या बजेटला आणि तुमच्या प्रवासाला सगळ्यात चांगलं बसेल. इमारत त्याहून जुनी असेल तर सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या मालकीची झाली आहे का ते विचारा. ते झालेलं असेल तर उद्याच्या पुनर्विकासात वाटाघाट सोसायटीच्या हातात राहते. नसेल तर निदान मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज तरी दाखल झालेला हवा.

२४ लाखांच्या फ्लॅटबद्दल: ओसीची प्रमाणित प्रत मिळाली तरच पुन्हा बोला. ‘पुढे नियमित होणार आहे’ या शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

आवडलेल्या घराचं टोकन चेकनेच द्या आणि साध्या कागदावर पावती करून घ्या. त्यात दोन ओळी हव्यातच: कागदपत्रांतल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन सात दिवसांत पूर्ण परत, आणि मूळ मालकापासून विकणाऱ्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करारनामे, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची ना-हरकत विकणाऱ्याने द्यायची. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधी मागा, आणि कर्जफेडीचा चेक थेट त्या बँकेच्या नावाने काढा.